फौज येईपर्यंत

इंदे,

तुझ्या दहाव्याला तुझ्या शाळेतल्या बाया आल्या होत्या. एकेक उठून बोलत होती. इंदुताई शांत होत्या, इंदुताई कुणाला दुखवत नसत, इंदुताईंचा आवाज कधी चढला नाही. मी भिंतीला टेकून ऐकत होते आणि मला हसू आलं. पदर तोंडाला लावला, पण खांदे हलायचे ते हललेच. त्या बिचाऱ्यांना वाटलं, म्हातारी हुंदके देतेय. एकीनं पाण्याचा तांब्या आणून दिला. तो मी सगळा प्याले, कारण लातूरहून नांदेडपर्यंत गाडीत बसून घसा खरंच कोरडा पडला होता.

शांत म्हणे. अख्ख्या सभेला एका प्रश्नानं गप्प बसवणारी आणि सख्ख्या मैत्रिणीशी सत्तर वर्षं एकच भांडण पुरवून पुरवून भांडणारी बाई शांत. मला कुणी बोलायला उठवलं नाही ते बरं झालं. मी उठले असते तर दहाव्याचा रंगच बदलला असता. म्हणून इथं लिहिते. तुझं मधे बोलणं नाही म्हणून मला जरा चाचपडायला होतंय, पण लिहिते.

तुला तेव्हाची मी आठवते का? मला आठवते आणि लाज वाटायच्या आधी करमणूक होते. सतराव्या वर्षी मी म्हणजे एक चालतंबोलतं वर्तमानपत्र होते आणि तेही शिळं. नांदेडात निजामाचा अंमल होता. शाळेत आपण उर्दूतून भूगोल शिकायचो आणि घरी मराठीतून शिव्या खायचो. पुढाऱ्यांसारखं बोलता यावं म्हणून मी गोदावरीच्या घाटावर जाऊन धुणं धुणाऱ्या बायकांपुढं भाषणं करायची. त्या म्हणायच्या, "पोरी, बोलून राहिलीस तर बोल, पण तेवढं लुगडं पीळ." तू मागं उभी राहून माझी वाक्यं मोजायचीस आणि परत येताना सांगायचीस, "शके, आज तू ‘बलिदान’ लई वेळा म्हणलीस."

मग हसण्याचे दिवस संपले. राज्य हातचं सुटायला लागलं तशा हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरायला लागल्या. उमरीकडच्या माझ्या माधवमामाच्या गावाला आग लावली. मामाच्या धाकट्या भावाला वेशीतच मारलं. मामा आणि मामी रात्रंदिवस चालत आमच्याकडे आले, तेव्हा मामीच्या हातात फक्त एक रिकामी परात होती. घरातलं सगळं सोडून परातच का उचलली, हे तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. त्यानंतर आठवडाभरात आपली दोन्ही घरं पैनगंगा ओलांडून उमरखेडला गेली. नदीच्या अल्याड निजाम, पल्याड हिंदुस्थान. पाणी गुडघ्याएवढं होतं. तू म्हणालीस, "एवढ्याशा पाण्यानं देश बदलतो?" मी म्हणाले, "या क्षणाचं गांभीर्य तुला कळत न्हाई." असं बोलायची मी तेव्हा, आणि तरी तू मैत्री ठेवलीस.

उमरखेडच्या त्या धर्मशाळेत रोज वाद व्हायचे. हिंदुस्थानानं फौज पाठवावी का नाही, एवढाच विषय. भाकरी भाजताना तोच, नळावर तोच. एके दिवशी रीतसर सभा भरली. वऱ्हाडातले एक वकील आले होते, चांगला माणूस, आपल्यासाठी ज्वारी गोळा करणारा. ते म्हणाले, "हैदराबाद वेगळं राज्य आहे. जैसे थे करार झाला आहे. दुसऱ्याच्या राज्यात फौज घालायची वहिवाट एकदा पडली, की उद्या प्रत्येक बलदंड देश दया आल्याचं सांगून शेजाऱ्याच्या घरात शिरेल. जगापुढं आपण काय तोंड दाखवायचं?"

यावर मी उठले. नुसती उठले असते तर ठीक होतं, मी त्यांनीच आणलेल्या ज्वारीच्या पोत्यावर चढले. "शेजारचं घर माणसांसकट जळतंय आणि तुम्ही उंबऱ्याचा कायदा सांगता?" हे वाक्य मी कुठंतरी वाचलेलं होतं. टाळ्या पडल्या. पोतं अर्धवट भरलेलं, त्यामुळं मानवतेवर बोलताना मी हळूहळू डावीकडं कलत गेले आणि शेवटी "फौज आलीच पाहिजे" म्हणताना एका आजोबांच्या खांद्याला धरून उभी होते. त्यांनी बिचाऱ्यांनी जागा सोडली नाही.

मग तू उभी राहिलीस, जमिनीवरच. "फौज यावी," म्हणालीस, "आजच्या आज यावी. पण आली की मागं काय होईल? आमच्या गल्लीत चांदबी हाय, बांगड्या भरणारी. आम्ही निघालो तेव्हा तिनं आपल्या टोपल्या आमच्या ओसरीवर आणून मांडल्या, टोळीवाल्यांना हे घर त्यांच्यातल्याच माणसाचं वाटावं आणि कुणी लुटू नये म्हणून. टोळीवाले पळाले की लोक सूड घ्यायला तिच्याच दारात जातील. तिथं कोण उभं राहणार, ते आत्ता ठरवा."

सभा खवळली. "तिच्या नवऱ्यानं त्यांचा झेंडा धरला होता," कुणीतरी ओरडलं. खरं होतं ते. इस्माईलला एक दिवस मिरवणुकीत पुढं चालवलं होतं, मीही पाहिलं होतं.

"धरला होता," तू म्हणालीस. "मग? मारायचा?"

"खाली बस," हे ओरडणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज माझा होता. मामा तर तुझ्याकडं बघवत नाही म्हणून उठून बाहेर गेला. तू म्हणालीस, "बसते. आधी उत्तर द्या." कुणी दिलं नाही. वकीलसाहेबांना वाटलं, चला, एक तरी आपल्या बाजूची निघाली. ते कौतुकानं पुढं झाले तर तू त्यांना म्हणालीस, "साहेब, मी तुमच्या बाजूची न्हाई. तुमचं ऐकत बसलो तर वाचवायला तिकडं माणूसच उरणार न्हाई." म्हणजे एका दमात तू अख्ख्या धर्मशाळेशी वैर घेतलंस. त्या संध्याकाळी तुझ्या ताटात भाकरी वाढायला कुणी येईना. मी वाढली, पण फुगून वाढली. तू खाल्लीस, नेहमीपेक्षा अर्धी जास्तच.

भादव्यात फौज आली. आठवडा पुरा व्हायच्या आत निजामाचं राज्य संपलं. लोक नाचले, मी नाचले, वकीलसाहेबही नाचले. तू नाचलीस तेव्हा मी तुझ्या कानात म्हणाले, "बघ, आली का न्हाई?" तू म्हणालीस, "आली. चल आता घरी लवकर." मला वाटलं, तुला घराची ओढ लागली.

नांदेडात आपण पोचलो तेव्हा पितृपंधरवडा लागला होता. फौज स्टेशनकडं उतरली होती आणि गल्ल्यांत आपलेच लोक काठ्या-कुऱ्हाडी घेऊन फिरत होते. त्यांच्यातल्या पुष्कळांचं घर जळलं होतं, माणूस गेलं होतं. माधवमामा त्यांच्यातच होता. दुसऱ्या दिवशी पहाटे चांदबी आणि इस्माईल मागच्या भिंतीवरून तुमच्या अंगणात उतरले. हे गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. मला एवढंच दिसलं, की सकाळी सकाळी तू कुंकवाचा करंडा घेऊन दारोदार हिंडून राहिलीस. "फौज आली तर गल्लीतल्या एकूण एक बाईला हिरवा चुडा भरीन, असं मी तुळजापूरच्या आईला बोलले होते. आज भरायचाच हाय. चला."

"पितृपंधरवड्यात बांगड्या?" माझी आई म्हणाली. "असं कुणी करतं का गं इंदू?"

"देवीचा नवस हाय, काकू. पितरं समजून घेतील, देवी न्हाई घेणार."

आणि फौज आल्याच्या नवसाला नाही कोण म्हणणार? नाही म्हणणारी बाई टोळीवाल्यांची ठरली असती. मी तर सगळ्यांत पुढं जाऊन बसले. फौजेची पहिली मागणी माझी, तेव्हा चुड्याचा पहिला मान माझा, असं मी स्वतःच जाहीर केलं. ओसरीवर जाऊन बघते तर टोपली मांडून चांदबी बसलेली. रंग उडालेला, डोळे खाली. मी थबकले, पण तोवर तू माझा हात ओढून तिच्या हातात दिला होतास.

ओसरी आणि अंगण बायांनी भरून गेलं. मग तू चांदबीला म्हणालीस, "आधी सगळ्यांचा डावा हात भर. उजवा मागून." हे मला तेव्हाही विचित्र वाटलं. एकेका बाईचे दोन्ही हात भरून तिला मोकळी करायची, ही रीत. पण एक हात भरलेला आणि दुसरा रिकामा असताना सवाष्ण उठत नाही, तो अपशकुन. तुझ्या त्या एका वाक्यानं दुपारपर्यंत पन्नासेक बाया एका हातात चुडा घेऊन जागच्या जागी खिळल्या. दाराला कडी नव्हती आणि गरजही नव्हती. बायका बांगड्या भरत बसल्या आहेत तिथं कुठला पुरुष पाय टाकत नाही. आतल्या खोलीत कणगीमागं इस्माईल होता आणि त्याच्या नि कुऱ्हाडींच्या मधे आम्ही सगळ्या होतो. मी सर्वांत पुढं, हात लांब करून. मानवतेवर बोलणारी.

दुपार कलली तेव्हा ते आले. पुढं माधवमामा. उंबऱ्याशी थांबून त्यानं आत नजर टाकली आणि मामी दिसली.

"ऊठ," तो म्हणाला.

मामीला तोवर सगळं कळलं होतं. तिच्या शेजारीच आतल्या खोलीचं दार होतं, आणि इस्माईलचा खोकला काही लपत नव्हता. ती नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "कशी उठू? एकच हात भरलाय."

"ऊठ म्हणलं तुला. काय चाललंय इथं ते कळतंय का?"

"चुडा भरून राहिले, दुसरं काय. तुम्ही घरी जावा. भाकर झाकून ठिवलीय, चटणी कोनाड्यात हाय."

मागून कुणीतरी म्हणालं, "माधवराव, सरका. आम्ही जातो आत."

मामा वळला नाही. मग म्हणाला, "आत माझी बायको बसलीय," आणि कुऱ्हाड मांडीवर आडवी घेऊन तो तुमच्या ओट्यावर, दाराच्या मधोमध बसला. त्याला ओलांडून जायची कुणाची छाती झाली नाही. भावाचा सूड घ्यायला आलेला माणूस दारावर राखण बसला. ते त्याला कळत होतं का नव्हतं, मला आजही सांगता येत नाही. त्याची पाठ तेवढी दिसत होती आणि ती हलत होती.

आत चांदबी चढवत होती त्यातली प्रत्येक दुसरी बांगडी वाढत होती. काचा साठत होत्या. "वाढू दे, बाई," मामी तिला म्हणाली, "सावकाश भर. आम्हाला कुठं जायचंय?" चांदबी पुटपुटली, "हात ढिल्ला सोडा, अम्मा, लगेल तुमाला." जिचा नवरा मरणाच्या दारात, ती मामीच्या मनगटाला काच लागू नये म्हणून जपत होती.

दिवे लागायच्या आत जीप आली. पुढं तुझे वडील, अण्णा, घामानं भिजलेले, मागं चार जवान. गर्दी पांगली. चांदबी नि इस्माईलला ते छावणीत घेऊन गेले. जाण्याआधी चांदबी परत टोपलीशी बसली आणि राहिलेले उजवे हात भरायला लागली. अण्णा म्हणाले, "अगं, राहू दे." ती म्हणाली, "आधं काम कसं टाकू?" जवान थांबले. बायांनी रिवाजाप्रमाणं चुडा भरल्यावर तिला वाकून नमस्कार केला, मामीनंही केला. मग मामी उठली, आणि ओट्यावरचा मामा तिच्या मागं मुकाट्यानं घरी गेला.

दुसऱ्या गल्ल्यांतून अशी टोपली मांडली गेली नाही. तिथं काय झालं, ते तू आणि मी कधी पुरतं बोललो नाही. बोलायला बसलो की दोघींपैकी एक उठून चहा टाकायची.

त्या रात्रीपासून आपलं भांडण सुरू झालं आणि ते तू परवापर्यंत सोडलं नाहीस. मी लग्न होऊन लातूरला आले, तू नांदेडातच शिकवत राहिलीस, पण दर येळवशीच्या अमावास्येला आमच्या रेणापूरच्या शेतात पूजेला यायचीस. कडब्याच्या कोपीत बसून पालेभाज्यांची भज्जी खायची, आंबील प्यायची आणि माझ्या सासरच्या माणसांसमोर मला छेडायचं. मी म्हणायची, "शेवटी इस्माईलला कुणी वाचवलं? फौजेनं. बायका काय रात्रभर बसणार होत्या?" तू म्हणायचीस, "आणि फौज सांजच्याला आली. सकाळपासून त्याला कुणी जित्ता ठेवला?" मग मी माझा हुकमी पत्ता टाकायची, "आणि अण्णांना पहाटेच स्टेशनकडं फौज आणायला कुणी धाडलं होतं? तूच ना? म्हणजे मी म्हणत होते तेच केलंस."

एका येळवशीला तू त्यावर आंबिलीचं गाडगं खाली ठेवलंस. "हाव, मीच धाडलं," म्हणालीस. "माझं तुझ्याशी भांडण फौजेवरून नव्हतंच, शके. जो फौज बोलावतो, त्यानं ती येईपर्यंत तिथं बसायचं. एवढंच म्हणणं हाय माझं." माझे दीर म्हणाले, "वहिनी, हरलात तुम्ही." मी म्हणाले, "अजून आंबील हाय गाडग्यात, इतक्यात काय हरते."

तू गेल्यावर मला वाटतं, तू हरवायला येतच नव्हतीस. माझ्यासारखीला मोठ्या गोष्टी बोलायचा शौक असतो. त्या बोलण्याला तू दरवेळी एक ओसरी दाखवायचीस आणि विचारायचीस, इथं कोण बसेल? तुझ्या शाळेच्या सत्कारात कुणीतरी तो प्रसंग सांगायला लावला, तेव्हा तू "गल्लीतल्या बायकांनी" एवढंच म्हणालीस आणि स्वतःचं नाव गाळलंस. मी खालून ओरडले, "खोटं बोलून राहिली ती, सगळं तिनंच केलं. मी तर अडकून पडले होते." लोक हसले. तू माझ्याकडं बघून म्हणालीस, "अडकलेली माणसंच लागतात." तुझ्यामुळं मी निदान एकदा योग्य जागी अडकले, इंदे. आयुष्यभराच्या भाषणांपेक्षा माझी तेवढीच कमाई, आणि तीही तुझी.

मागच्या महिन्यात टीव्हीवर त्या लांबच्या देशातलं दाखवत होते. एका जमातीला दुसरी वेचून संपवते आहे. कोट घातलेली माणसं भांडत होती. एक म्हणाला, दुसऱ्याच्या देशात आपण का पडायचं? दुसरा म्हणाला, फौज पाठवा, नाहीतर जग माफ करणार नाही. तीच धर्मशाळा, नुसते कोट चांगले. मी लगेच तुला फोन लावला.

"बघून राहिलीस का?"

"बघून राहिले."

"पाठवायला पाहिजे का न्हाई फौज?"

"पाहिजे. कालच पाहिजे होती."

मला वाटलं, जिंकले एकदाची. तेवढ्यात तू म्हणालीस, "आणि ती पोचेपर्यंत तिथं बसणार कोण?"

मी म्हणाले, "थांब, दूध उतू चाललंय, मागून करते फोन." दूधबीध काही नव्हतं. मला उत्तर सुचत नव्हतं. मग तू आजारी असल्याचं कळलं, आणि मग तुझ्या सुनेचाच फोन आला.

उत्तर मला दहाव्याहून परत येताना सुचलं, अहमदपूरच्या पुढं, गाडीत सगळे झोपलेले असताना. मी जाते आणि तिथं बसते, असं मला तुला सांगायचं होतं. तू हसली असतीस. म्हणाली असतीस, "शके, धडधाकट होतीस तेव्हा पोत्यावर नीट उभं राहता आलं न्हाई तुला. आता गुडघे गेलेत. तिथं बसलीस तर कुणी उठवल्याबिगर उठणार न्हाईस."

तेच तर म्हणते मी, इंदे. तुला तशीच बाई लागायची ना?